सोपवण्याची वेळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना तुमच्यापैकी पुष्कळांनी फळ्यासमोर उभं असलेलं पाहिलं आहे. त्यांची एक गोष्ट मात्र शाळेबाहेरची आहे. प्रकृती ठणठणीत असताना त्यांनी आपला सगळा ग्रंथसंग्रह ह्या वाचनालयाला दिला. पुढे त्यातलंच एखादं पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटलं, की ते इथे येत, बाकीच्या सभासदांसारखी नोंदवहीत सही करत आणि मुदतीत पुस्तक परत आणून देत. आपलं होतं ते द्यायचं, आणि दिल्यावरही त्याच्याकडे येणंजाणं चालू ठेवायचं, हे त्यांना साधलं होतं. आज मला जे सांगायचं आहे ते ह्याच वाटेवरचं आहे.

पत्रिकेवर विषय छापला आहे, 'आयुष्यातली स्थित्यंतरं आणि आपली तयारी'. मी ह्या विषयाकडे दिवाणी वकिलाच्या खुर्चीतून पाहत आलो. माझ्याकडे माणसं येतात ती आयुष्याने वळण घेतल्यावर. कुणी निवृत्तीनंतर महिन्याभरात येतो. कुणी बाई नवऱ्याचे दिवस झाल्यावर येते, बरोबर भाऊ असतो, पिशवीत कागद कोंबलेले असतात. कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेले असतात आणि मुलगा विचारतो, 'आता अंगठा घेतला तर चालेल का?' ही सगळी माणसं चांगली असतात, कष्टाळू असतात, एकमेकांवर माया करणारी असतात. तरी त्यांची फरफट होते. का होते?

तयारी करणं आपल्याला माहीत नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. मुलीच्या लग्नाची तयारी आपण ती शाळेत असल्यापासून करतो. मुलाच्या शिक्षणासाठी जमीन गहाण टाकतो. बारसं, मुंज, साखरपुडा, प्रत्येकाची यादी घराघरात तोंडपाठ असते. साठीची शांत करतो, पंच्याहत्तरी करतो, सहस्रचंद्रदर्शन करतो. होम होतो, औक्षण होतं, पंगती उठतात, सगळे नमस्कार करून आपापल्या गावी जातात. पण त्या साठीच्या दिवशी घरातली माणसं गोल करून बसली आहेत आणि 'आता पुढची वीस वर्षं कशी काढायची' हे बोलत आहेत, असं दृश्य तुम्ही पाहिलं आहे का? मी तरी क्वचितच पाहिलं.

आयुष्याच्या पूर्वार्धातली स्थित्यंतरं आपण दहाजणांना बोलावून साजरी करतो. उत्तरार्धातली मात्र येतील तशी अंगावर घेतो. नोकरी संपणं, जोडीदार जाणं, स्वतःचं शरीर थकणं आणि शेवटी स्वतः जाणं, ही चार वळणं. ती चुकत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यांच्याविषयी घरात कुणी अवाक्षर काढत नाही. बोललं तर अशुभ. 'तुमच्यानंतर' हा शब्द बायकोने उच्चारायचा नाही, मुलाने तर नाहीच नाही.

इतकी वर्षं कागद पाहून माझं एक मत ठाम झालं आहे. दुःख टाळता येत नाही. दुःखापाठोपाठ जी दैना येते ती पुष्कळदा टाळता येते. आणि त्या दैनेचं कारण शोधत गेलं तर बहुतेक घरांत ते एकच सापडतं: घरातलं सगळं एकाच्याच मुठीत होतं. पैसा एकाच्या मुठीत, माहिती एकाच्या मुठीत, निर्णय एकाच्या मुठीत. ती मूठ एके दिवशी सैल पडते आणि कुणाच्याच हाताला काही लागत नाही. म्हणून माझ्या लेखी स्थित्यंतराची तयारी म्हणजे मूठ आपण होऊन, वेळेवर, बोलून सैल करणं.

पहिलं वळण कामाचं. राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, केंद्राचे ६० व्या. तारीख नोकरीला लागल्या दिवसापासून माहीत असते. एवढं आधी कळवून येणारं दुसरं वळण आयुष्यात नाही, आणि तरी त्याने गोंधळून गेलेली माणसं मी सर्वांत जास्त पाहिली. शाल, श्रीफळ, भाषणं, गळ्यात हार. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा नाही, गाडी पकडायची नाही, 'साहेब' म्हणून हाक मारणारं कुणी नाही. माणूस घरात बसतो आणि हळूहळू घरावर साहेबी करू लागतो. डाळीला फोडणी कशी द्यावी हे सांगू लागतो. त्या घरात एक बाई गेली पस्तीस वर्षं पहाटे उठून राबते आहे आणि तिच्या निवृत्तीची तारीख कुठल्याच सेवापुस्तकात लिहिलेली नाही. पुरुषाच्या निवृत्तीची पहिली तयारी म्हणजे घरातल्या कामाचा वाटा उचलायला शिकणं, असं मी इथे जमलेल्या पुरुषांना वयाच्या अधिकाराने सांगतो. चहा, कुकर, धुणं वाळत घालणं, औषधांच्या वेळा. हे ५८ व्या वर्षी शिकायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. ५० व्या वर्षी सुरू करा.

कामाच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात एक थोर उदाहरण आहे. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १८९१ मध्ये ते तिथे रुजू झाले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. आपल्याकडे ज्या वयात माणूस निरोपाचा हार गळ्यात घालून घरी येतो, त्या वयात. पुढे सत्तरीत ते जगभर हिंडून आले, आणि शहाऐंशीच्या घरात असताना, १९४४ मध्ये, त्यांनी समता संघ काढला. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. १९६२ मध्ये ते गेले तेव्हा वय १०४.

ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती दीर्घायुष्याची आणि जिद्दीची म्हणून. मला त्यात वेगळंच काही दिसतं. अनाथ बालिकाश्रम त्यांनी १८९६ मध्ये काढला, म्हणजे निवृत्तीच्या अठरा वर्षं आधी. शिकवणं चालू होतं, आश्रमही चालू होता. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या हातून एक काम सुटलं तेव्हा दुसरं काम अठरा वर्षांचं झालेलं होतं. 'निवृत्त झाल्यावर काहीतरी समाजकार्य करीन' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी विचारतो, आज रविवारी काय करता? आज करत नसाल तर त्या दिवशीही करणार नाही. कर्व्यांची प्रतिभा सगळ्यांकडे नसते हे खरं. पण एखाद्या शाळेत जाऊन गणित शिकवणं, ग्रामपंचायतीत पाणीपट्टीचा हिशेब पाहून देणं, भजनी मंडळात पखवाज धरणं, ज्येष्ठ नागरिक संघाचं टिपण ठेवणं, ह्यातलं काहीतरी पन्नाशीत सुरू करता येतं की नाही?

शेतकऱ्याला निवृत्ती नाही, हे तुम्ही मला सांगाल. बरोबर आहे, आणि म्हणून तिथला प्रश्न जास्त अवघड आहे. बापाचं वय ऐंशी, मुलाचं पंचावन्न, रान मुलगा कसतो आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव. पीककर्ज काढायचं तर अडचण, नुकसानभरपाई आली तर अडचण, ठिबकच्या अनुदानाला अडचण. कसणाऱ्याच्या हातात कारभार नाही, आणि कारभार ज्याच्या नावावर तो माणूस जगात नाही. सर्व हिस्सेदारांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घेता येते. कोर्टात दावा लावून ह्याच कामाला एक पिढी जाते. बापाच्या हयातीत, बापाच्या शब्दाला मान असताना, हे काम निम्मं सोपं असतं.

पण सोपवणं म्हणजे उधळणं नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. १९७० साली शिरवाडकरांचं 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. गणपतराव बेलवलकर निवृत्त होतात, आनंदाच्या भरात सगळं मुलांमध्ये वाटून मोकळे होतात आणि पुढे त्यांची काय दशा होते हे आपण डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. शिरवाडकरांनी जे नाटकात दाखवलं ते माझ्यासमोर खुर्चीत बसून माणसांनी मला सांगितलं आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाची रक्कम हातात आली की त्याच आठवड्यात घरात दुकानाच्या, फ्लॅटच्या, गाडीच्या गोष्टी सुरू होतात. मुलं लबाड असतात असं नाही. त्यांच्याही गरजा खऱ्या असतात. पण तो पैसा तुमच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं अन्न आहे. राहतं घर आणि जगण्यापुरता पैसा शेवटपर्यंत आपल्या नावावर ठेवा. अधिकार द्या, जबाबदारी द्या, माहिती तर सगळी द्या. छप्पर देऊ नका. आणि द्यायचंच असेल, तर बक्षीसपत्रात 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' असं स्वच्छ लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ असं सांगतं, की अशी अट घालून दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरणाला ते हस्तांतर रद्द ठरवून परत देता येते. आपल्याकडे ते काम प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतं. अट लिहिलेली नसेल तर लढाई फार कठीण होते. 'मुलाकडून लिहून कसं घ्यायचं, वाईट दिसतं' असं म्हणून ज्यांनी ती ओळ टाळली, त्यांचे हाल मी पाहिले आहेत.

आता दुसऱ्या वळणाकडे येतो. ह्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ह्या सभागृहात उजव्या बाजूला ज्या भगिनी बसल्या आहेत त्यांच्यापैकी निम्म्याअधिक जणींना हे वळण एकटीने पार करावं लागणार आहे. नवरा वयाने मोठा, आणि बायका सरासरीने जास्त जगतात. गणित साधं आहे. तरी त्याची तयारी कुणी करत नाही, आणि सर्वांत कमी तयारी त्या स्त्रीची करून घेतली जाते जिच्यावर ही वेळ येणार आहे.

माझ्या कचेरीत आलेल्या बाईला मी विचारतो, यजमानांची खाती कोणकोणत्या बँकेत होती? माहीत नाही. विमा होता का? असेल बहुतेक. लॉकर? किल्ली आहे, कुठल्या बँकेची ते माहीत नाही. सोसायटीचं कर्ज? सोसायटीची माणसं आल्यावर कळलं. मोबाइलमध्ये सगळं होतं, पण मोबाइल उघडत नाही. ही बाई अडाणी नसते. कित्येकदा ती शिक्षिका असते, पदवीधर असते, तिने संसाराच्या पै-पैचा हिशेब डोक्यात ठेवलेला असतो. तिला सांगितलं गेलेलं नसतं, एवढंच. 'तिला कशाला त्रास' म्हणून सांगितलं नाही, असं नवरा म्हणत असे. मायेपोटीच म्हणत असे. त्या मायेने तिला त्याच्या पश्चात वर्षभर बँका, तलाठी, तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या.

ह्याच्या उलट एक घर आठवा. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी होऊन त्यांच्या घरी गेली; त्याच रमाबाई. रमाबाईंना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी पहिल्यापासून त्यांना शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही आणि तो जाच रमाबाईंनी सोसला. पण पुढे त्या सभेत बोलू लागल्या, पतीबरोबर गावोगाव फिरल्या, त्यांच्या कामाच्या साक्षीदार झाल्या. १६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. तेव्हा रमाबाईंनी चाळिशी गाठलेली नव्हती. त्या काळच्या विधवेपुढे कोणतं आयुष्य वाढून ठेवलेलं असे हे मी सांगायला नको. रमाबाईंनी १९०८ मध्ये मुंबईत आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. हजारो स्त्रिया तिथून शिकून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, आपल्या पायावर उभ्या राहिल्या. त्या दुःखातून रमाबाई सहज बाहेर पडल्या असं कुणी म्हणू नये. त्यांच्या आठवणींचं पुस्तक वाचलं की ते दुःख केवढं होतं हे कळतं. पण दुःख ओसरल्यावर हातात धरायला त्यांच्याजवळ काहीतरी होतं. ते अठ्ठावीस वर्षांच्या सहवासात रोज थोडं थोडं जमा झालेलं होतं. न्यायमूर्तींनी बायकोला वैधव्यासाठी शिकवलं नव्हतं. सहचारिणी म्हणून शिकवलं. तीच तयारी ठरली.

आणि तयारी फक्त जाणाऱ्याने किंवा मागे राहणारीने करायची नसते. गावानेही करायची असते. शेजारी शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं ह्या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने मन लगेच बदलत नाही, मला मान्य आहे. पण विचार करा, एका बाईच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी गाव तिच्या भोवती गोळा होतं आणि पहिली गोष्ट कोणती करतं? तिच्या अंगावरचं ओरबाडून काढतं. त्याऐवजी दहाव्या दिवशी चार शहाण्या बायकांनी तिच्याजवळ बसावं, बँकेची पासबुकं काढावीत, वारसनोंदीचा अर्ज भरायला मदत करावी, कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद पाहावेत, असं का होऊ नये? वारसाहक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते. ते तीन महिने रडण्यात जातात, आणि तेवढ्यात भाऊबंद जागे झालेले असतात.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला होता. शेतकऱ्यांनी आपण होऊन, हयातीत, जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करावा, असं आवाहन होतं, आणि गावंच्या गावं त्यात उतरली. १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज दिला तर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागेल. इतकी वर्षं झाली. इथे जमलेल्या शेतकरी बंधूंपैकी किती जणांनी तो अर्ज दिला आहे? हात वर करायला मी सांगत नाही. घरी जाऊन सातबारा पाहा.

मुलींविषयी दोन वाक्यं बोलतो, कारण ह्याच वळणावर आणखी एक अन्याय होतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली उरलीसुरली शंकाही दूर केली. तरी वडिलांचे दिवस होतात न होतात तोच बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. डोळे पुसत सह्या होतात. हक्क सोडायचा की नाही हा तिचा प्रश्न आहे. पण तो तिला सुतकात विचारू नये. वडिलांनी आपल्या हयातीत मुलामुलींना समोर बसवून ही गोष्ट मोकळेपणाने बोलून टाकली, तर पुढे भाऊबीज कटू होत नाही.

तिसरं आणि चौथं वळण आपलं स्वतःचं. शरीर थकणं, आठवण विरत जाणं, आणि जाणं. इथे सर्वांत जास्त भीती आहे म्हणून सर्वांत जास्त मौन आहे.

मृत्युपत्र लिहिलं की मरण जवळ येतं, अशी समजूत अजून आहे. त्या समजुतीला उत्तर म्हणून मी नेहमी जोतीराव फुल्यांचं नाव घेतो. जोतीरावांनी १८८७ मध्ये आपलं मृत्युपत्र केलं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला होता; त्याच्या हक्कावर उद्या बोट ठेवलं जाणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, म्हणून त्यांनी ते कागदावर पक्कं केलं. १८८८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. मृत्युपत्र आधीचं होतं. वर्षभर थांबले असते तर? उजवा हात गेल्यावर ते डाव्या हाताने लिहायला शिकले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी त्या हाताने पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं ह्यावरून नातलगांनी वाद घातलाच. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते हातात धरलं. १८९० सालात, पुण्याच्या रस्त्यावरून, पतीच्या प्रेतापुढे टिटवं धरून चाललेली स्त्री.

ते बळ त्या एका क्षणात आलेलं नव्हतं. चाळीस वर्षं शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह, दुष्काळातली अन्नछत्रं, सत्यशोधक समाज, प्रत्येक कामात त्या बरोबरीने होत्या. जोतीराव गेल्यावर समाजाचं काम थांबलं नाही. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी सावित्रीबाई होत्या. यशवंत डॉक्टर झाला होता. १८९७ च्या प्लेगमध्ये आई आणि मुलगा मिळून रोग्यांची सेवा करत होते, आणि त्या सेवेतच १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. जोतीरावांनी कागद केला होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी कामात वाटेकरी केले होते. दोन्ही हवं. नुसता कागद असला की भांडण कोर्टात जिंकता येतं, घर उभं राहत नाही. नुसती माया असली की घर उभं राहतं आणि एखादा चुलतभाऊ ते पाडायला येतो.

मृत्युपत्राविषयी थोडं व्यवहाराचं सांगतो, कारण चुकीच्या समजुती फार आहेत. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगली. स्वतःची सही हवी आणि तुम्हाला सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं ते खरं. आणि ते करताना बुद्धी शाबूत हवी. विस्मरणाचा आजार सुरू झाल्यावर घेतलेला अंगठा कोर्टात टिकणं फार अवघड असतं, म्हणून 'आत्ता काय घाई आहे' म्हणणाऱ्याला माझं उत्तर आहे, आत्ताच घाई आहे. दुसरं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच नॉमिनेशनने ठरतं. ते पैसे कुणाचे हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतं. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. 'नॉमिनी लावला आहे, काळजी नाही' म्हणून निर्धास्त असलेली कितीतरी घरं नंतर भावाभावांत फुटली.

ह्याच्याही पुढचा एक कागद आहे आणि त्याविषयी आपल्याकडे फारच थोडं बोललं जातं. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर १९७३ मध्ये क्रूर हल्ला झाला आणि त्यानंतर त्या बेचाळीस वर्षं, २०१५ पर्यंत, अंथरुणावर होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना ज्या मायेने सांभाळलं त्याला तोड नाही. पण त्या प्रकरणाने सगळ्या देशापुढे एक प्रश्न ठेवला. मी बोलू शकत नाही, सांगू शकत नाही, बरा होण्याची आशा नाही, अशा वेळी माझ्या शरीराचं काय करायचं हे कुणी ठरवायचं? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उत्तर दिलं, की ते मला स्वतःला आधीच लिहून ठेवता येतं. असाध्य अवस्थेत कृत्रिम उपायांनी श्वास लांबवत ठेवू नये, अशी आगाऊ सूचना सज्ञान माणूस करू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्यानंतरही डॉक्टरांची दोन मंडळं पाहणी करतात, मगच निर्णय होतो. कुणी घाईने आपला गळा आवळेल ही भीती नको.

हा कागद करावा की करू नये, हे प्रत्येकाच्या श्रद्धेचं आहे. मी स्वतः केला आहे आणि माझ्या मुलीला तो कुठे ठेवला आहे हे ठाऊक आहे. पण कागद केला नाही तरी एक गोष्ट करा: बोला. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर रात्री दोन वाजता डॉक्टर मुलाला विचारतात, 'व्हेंटिलेटर लावायचा का?' त्या मुलाला वडिलांची इच्छा माहीत नसते. 'लावा' म्हटलं तर शेत विकावं लागतं, 'नको' म्हटलं तर आयुष्यभर मनाला टोचणी लागते. तुम्ही एकदा जेवताना शांतपणे सांगितलं असतं, की असं झालं तर माझ्यासाठी हे करा, हे करू नका, तर त्या पोराच्या खांद्यावरचं ओझं तुम्ही उतरवलं असतं. मुलांसाठी आपण आयुष्यभर एवढं करतो. मग हे का करत नाही?

काही जण मला विचारतात, एवढी तयारी केली की जगण्यातली गंमत जात नाही का? माझा अनुभव उलटा आहे. ज्यांनी हे बोलून टाकलं, लिहून ठेवलं, कारभार पुढच्याच्या हातात दिला, ती माणसं मी जास्त मोकळी झालेली पाहिली. नातवंडांत रमणारी, पायी वारीला जाणारी, सत्तरीत पेटी शिकायला बसलेली. आपल्या आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमाच्या पुढे वानप्रस्थ सांगितला. त्यात जंगलात जायचं असं म्हटलं आहे खरं. आज जंगलात कुणी जाऊ नये आणि घरच्यांनी कुणाला पाठवूही नये. पण अधिकारापासून अंतर घेऊन माणसांमध्ये राहायचं, ही त्यातली शिकवण घ्यायला काय हरकत आहे? सुनेच्या हातात घर दिल्यावर तिच्या भाजीत मीठ किती हे पाहू नये. मुलाच्या हातात दुकान दिल्यावर गल्ल्याशी बसून राहू नये. विचारलं तर सांगावं, न विचारलं तर चहा प्यावा. आणि सून-मुलांनी विचारत राहावं. विचारणं बंद झालं की म्हातारा माणूस जिवंतपणीच घरातून गेल्यासारखा होतो. सोपवणं मोठ्यांचं काम आहे, विचारत राहणं धाकट्यांचं.

वेळ संपत आली आहे, तेव्हा एक विनंती करून थांबतो. आज घरी गेल्यावर एक साधी वही घ्या. त्यात बँकेची खाती, विम्याच्या पॉलिसी, सातबाऱ्याचे गट क्रमांक, घेतलेलं आणि दिलेलं कर्ज, लॉकर कुठे आहे, निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक काय, कागदपत्रं कोणत्या कपाटात आहेत, हे सगळं तुमच्या हाताने लिहा. मग जोडीदाराला आणि मुलांना, मुलींनाही, समोर बसवून ती वही वाचून दाखवा. ज्या भगिनींना घरातून काहीच सांगितलं जात नाही, त्यांनी आपल्या तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीच्या कार्यालयात जावं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्नाची कोणतीही अट न लावता, तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा, पण जा.